माफीची चौकशी

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, सासूबाई कस्तुरबाईंच्या पारण्याला घर माणसांनी भरलेलं असताना, कोईमतूरहून चेतनाला एका ओळीचं उत्तर आलं : ‘तुम्ही कबूल केलेली चूक नेमकी कोणती, ते तीन दिवसांत लेखी कळवा.’

चेतना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका हातात मुगाच्या पाण्याची वाटी, दुसऱ्या हातात फोन. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढलेल्या सासूबाई पाटावर बसल्या होत्या, बायका स्तवन म्हणत होत्या आणि बाहेर कळंबच्या चौकात गणपती मंडळाचा स्पीकर सकाळपासून घसा फाडत होता.

‘‘बीनणी, वाटी!’’ झुंबरलालांनी, तिच्या सासऱ्यांनी हाक मारली. ‘‘आठ दिवस थांबल्या त्या. आता तू थांबवू नको.’’

पहिला चमचा सासूबाईंच्या ओठांना लागला, तेव्हा चेतनानं ती ओळ तिसऱ्यांदा वाचली आणि तिला हसू फुटलं. चूक? कसली चूक? तिनं तर माफी मागितली होती, जशी दर वर्षी मागायची. संवत्सरीला जैनांच्या घरातलं पोरसुद्धा ओळखीच्या प्रत्येकाला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतं. मनानं, वाचेनं, कायेनं, जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर क्षमा असावी. आजवर हे फोनवरून नातेवाइकांना जायचं. या वर्षी तिच्या धंद्याला स्वतःचा ईमेल होता, म्हणून तिनं हौसेनं तिथूनही पाठवलं. इंग्रजीत. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला, बँकेला, आणि कोईमतूरच्या पंपाच्या कंपनीलाही. त्या कंपनीत ठेकेदारांचे ईमेल आधी माणूस वाचत नाही, कॉम्प्युटर वाचतो. ‘चूक’, ‘जाणूनबुजून’ आणि ‘क्षमा’ हे शब्द एका कागदावर दिसताच त्यानं चौकशी उघडून तिला नंबर देऊन टाकला होता.

पारसला, तिच्या नवऱ्याला तिनं फोन दाखवला, तर तो गादीवर आडवा होऊन हसला. ‘‘इतकी वर्षं आपण माफी मागतोय, कुणी पोच दिली नव्हती. यांनी नंबरासकट दिली!’’

चेतना मूळची जुन्नरच्या कापडवाल्यांची. बी.कॉम. झाली आणि कळंबच्या मुथांच्या किराणा दुकानात सून होऊन आली. लॉकडाऊनमध्ये शटर अर्धं खाली असायचं, तेव्हा फोनवरच्या ऑर्डरी लिहायचं काम तिच्याकडे आलं आणि तिला कळलं की आपल्याला कान आहे. नुसत्या ‘हॅलो’वरून तिला समजायचं, हा माणूस घ्यायला बोलतोय, भांडायला बोलतोय की एकटा पडलाय. नारायणगावचा एक पंपवाला दुकानात उभा राहून हे ऐकत होता. ‘‘वहिनी, माझे पण फोन घ्या की. माझी गिऱ्हाइकं माझ्याशी भांडत्यात, तुमच्याशी नाय भांडायची.’’ तिनं घेतले. वर्षभरात त्याच्या कोईमतूरच्या कंपनीनं अख्ख्या महाराष्ट्राचा मदतीचा फोन तिच्यावर सोपवला. ‘हॅलो ताई’ असं तिनं धंद्याचं नाव ठेवलं.

आता एक कान पुरणार नव्हता. मंचरला ऑफिस घ्यावं तर बायका येणार कशा? दिवस मावळला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. मग तिनं उलटं केलं. माणसं फोनपाशी आणण्याऐवजी फोनच माणसांच्या घरी नेला. एक लॅपटॉप, एक कानाला लावायचा माइक आणि एक शांत कोपरा. बाई निवडायची तिची पद्धतही तिचीच होती. त्या घरात जायचं, कोपऱ्यात दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि ऐकायचं. ‘‘शेळी चालेल, सासू नाही,’’ असा तिचा नियम. सासवांसमोर ती तो हसत सांगायची, सासवाही हसायच्या आणि पुढचे चार दिवस खरंच गप्प बसायच्या.

अशी चौदा घरं झाली. बेल्ह्याच्या श्रेयाच्या घरामागेच बैलबाजार. सोमवारी तिच्या फोनवर पलीकडचा शेतकरी पंप विसरून विचारायचा, ‘‘ताई, बाजारात हाय का तुमी? खोंडांचं काय चाललंय आज?’’ श्रेया भाव सांगून टाकायची, मग पंपाचा नंबर विचारायची.

पारणं उरकल्यावर चेतनानं कोईमतूरला फोन लावला. तपासणी विभागाच्या मॅडम सावकाश इंग्रजीत, समजावून बोलणाऱ्या.

‘‘मला कळलं हो, तुमचा सण आहे. आमच्याकडेही सण असतात. पण नंबर पडला की तो मला आपोआप मिटवता येत नाही. तुमच्या प्रत्येक कर्मचारी बाईला विचारा आणि ‘सगळ्यांना विचारलं, चूक नाही’ असं सही करून पाठवा. मी बंद करते.’’

‘‘झालं मग,’’ पारस म्हणाला. ‘‘कर सही.’’

‘‘विचारलं असं लिहायचंय.’’

‘‘मग?’’

‘‘मग विचारायला नको?’’

‘‘चेतना, आपल्या धंद्यात एक गोष्ट शिकलोय मी. पोतं विकायचं असलं की तळाशी हात घालायचा नाही.’’

तिनं हात घातला. दुपारभर ती एकेकीला फोन लावत होती आणि सुरुवातीला तिला मजाच वाटली. चुकांची नुसती जत्रा भरली. श्रेया म्हणाली, ‘‘ताई, एकदा धार काढताना कॉल घेतलाय मी. म्हशीनं शेपूट मारलं, मी ‘आई गं’ म्हणाले, तर तो शेतकरी म्हणतो, ताई, तुम्हालाबी करंट बसला का?’’ दुसरीनं भांडखोर गिऱ्हाइकाला मुद्दाम आठ मिनिटं गाणं ऐकवत ठेवलं होतं. तिसरी कॉल घेता घेता भाकरी थापायची, म्हणून तिच्याकडच्या सगळ्या फोनमध्ये टाळ्या ऐकू यायच्या.

तेराव्या फोनला महाळुंगे पडवळची समृद्धी होती. चेतनानं हसतच विचारलं, ‘‘काय गं, तुझी काय चूक? बोल, आज सगळं माफ आहे.’’

पलीकडे काहीच नाही. चेतनाच्या कानाला ते नेमकं कळलं. रेंज गेल्यावरची शांतता वेगळी असते आणि माणूस श्वास धरून बसल्यावरची वेगळी.

‘‘ताई,’’ समृद्धी म्हणाली, ‘‘तुमी घरी या.’’

समृद्धीचं घर म्हणजे एक लांब खोली, तिच्याच एका टोकाला चूल आणि अंगणात पत्र्याची शेड. शेडमध्ये तिचा नवरा आदेश जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा. तांब्याच्या तारेची वेटोळी, वार्निशचा वास, उघड्या पोटाच्या मोटारी रांगेनं पडलेल्या. समृद्धीनं चेतनाला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. सासू साळुबाई भिंतीला टेकून शेंगा फोडत होत्या. त्या उठल्या नाहीत. उठून जायला दुसरी खोली नव्हतीच.

‘‘माझ्या मामाचा फोन आला व्हता ताई, पयल्या वेळी,’’ समृद्धी उभ्यानंच बोलली. ‘‘मोटार हू हू करती आन् पाणी फेकत न्हाई म्हनं. टोमॅटो माना टाकत व्हतं. मी कागदावरचं वाचलं, आपला माणूस तीन दिवसांत येईल. मामानं आवाज वळखला. म्हनला, समे, तुझा नवरा मोटारवाला आन् तू मला तीन दिवस सांगती व्हय? मंग मी यांना धाडलं.’’

‘‘मामाचं ठीक आहे गं.’’

‘‘मामावर थांबलं न्हाई ना ताई.’’

दार उघडलं. आदेश हात पुसत आत आला. तो सगळं ऐकत होता आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

‘‘मी सांगतो मॅडम. ती जेवायला उठली का स्क्रीनवर नावं असत्यात. शेतकरी कोन, गाव कोनतं, फोन कोनता. जवळपासचा असला का मी फोन करतो. कंपनीकडनं बोलतोय म्हनतो, जातो, कपॅसिटर बदलतो, मोटार चालू करतो. वीस-पंचवीस ठिकानी गेलो आसंन.’’

‘‘कंपनीकडून बोलतोय म्हणता?’’

‘‘मग काय समृद्धीचा नवरा बोलतोय म्हनू?’’

‘‘आदेशभाऊ, ही चोरी आहे.’’

‘‘कुनाचं काय चोरलं?’’ त्याचा आवाज चढला. ‘‘आठवड्याला शेतीची लाइट कवा दिवसा, कवा रात्री. तुमचा कंपनीचा मानूस तिसऱ्या दिशी लाइट नसताना येतो, मोटारीकडं बघतो आन् सही घेऊन जातो. मी दोन तासांत पाणी चालू करतो. एकानं तरी तक्रार केली का? सांगा की!’’

‘‘मी म्हनलं व्हतं यांना, नगा करू,’’ समृद्धी म्हणाली.

‘‘तू म्हनलीस. आन् मोटारीच्या पैशातनं आईचा डोळा केला तवा गप बसलीस.’’

साळुबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी डोळा मिटला, जणू तो परत द्यायचा होता.

चेतनानं पिशवीतून कागद काढला. कामाला लागताना समृद्धीनं सही केलेला करार. ‘‘हे मी तुला वाचून दाखवलं होतं समृद्धी. स्क्रीन घरातल्या दुसऱ्या कुणालाही दिसता कामा नये.’’

समृद्धीनं कागद घेतला आणि त्याच्यावर बोट टेकवलं. ‘‘त्याच्या वरची वळ वाचा ताई.’’

वरच्या ओळीत लिहिलं होतं : कामासाठी स्वतंत्र, दार बंद होणारी खोली आहे. पुढे चौकोन आणि चौकोनात खूण.

‘‘मी विचारलं व्हतं तुम्हाला, ताई, खोली तर न्हाई. तुमी म्हनलात, कुनाच्यातच न्हाई गं, कर खूण. मी केली.’’

चेतनाला आठवलं. हेच वाक्य, याच जागी, हसत हसत. चौदा घरांपैकी दार बंद होणारी खोली होती तीन घरांत. बाकीच्या अकरा चौकोनांत तिच्या सांगण्यावरून खुणा पडल्या होत्या, आणि प्रत्येक कागदाखाली ‘समक्ष पाहणी केली’ म्हणून सही होती तिची.

ती दुकानात परतली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून पारसला कळलं. तिनं सगळं सांगितलं, खोलीचंही. झुंबरलाल गल्ल्यावर बसून ऐकत होते.

‘‘दोन वेगळ्या गोष्टी आहेत,’’ पारस बोटांवर मोजत म्हणाला. ‘‘नवऱ्यानं माहिती घेतली, ती समृद्धीच्या घरची चूक. ती कळव. एक घर जाईल. खोलीचं तुला कुणी विचारलंय?’’

‘‘खोली असती तर त्यानं पाहिलं नसतं.’’

‘‘आणि खोलीचं कळवलंस तर अकरा घरं जातील. कंपनी म्हणेल, घरची कामं बंद, सगळ्या बायका मंचरला एका हॉलमध्ये बसवा, दारावर कॅमेरा लावा. श्रेया बेल्ह्याहून रोज येणार आहे? ती भाकरीवाली येणार आहे?’’

‘‘बाऊजी?’’ चेतनानं सासऱ्यांकडे पाहिलं.

झुंबरलालांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. ‘‘लोक म्हणतात, खरं बोललं की बुडालेला धंदा परत उभा राहतो. असेल बुवा. मी काही असा धंदा पाहिला नाही.’’ चष्मा परत चढवून ते म्हणाले, ‘‘खोटं बोलून शांत झोपलेला माणूसही पाहिला नाही. मला विचारू नको, बेटा. मला किराणा कळतो.’’

तिसऱ्या दिवशी सकाळी ती लिहायला बसली. पहिल्या कागदावर दोन्ही गोष्टी लिहिल्या. वाचून पाहिलं. डोळ्यांसमोर बाकीचे दहा कोपरे आले. दिवाणाखाली सरकवलेला लॅपटॉप, फळीवर देवाशेजारी ठेवलेला माइक. ‘‘ताई, आता घरात माझं नाव घेऊन हाक मारतात,’’ असं एकदा तिला सांगणारी भाकरीवाली. आणि समोर एकट्या समृद्धीचं बोट, त्या चौकोनावर टेकवलेलं. दुसऱ्या कागदावर तिनं एकच गोष्ट लिहिली, आदेशची. कर्मचारी क्रमांकाची जागा रिकामी ठेवून तिनं तो पाठवला. तासाभरात मॅडमनी तेवढाच विचारला. तिनं तो कळवला. अकरा घरं तोलून पाहिली, एक उचलून दिलं. पाठवल्यावर ती उठून बेसिनपाशी गेली आणि उगाचच हात धुतले.

कोईमतूरहून आलेलं उत्तर तिला कोणत्याही शिव्यांपेक्षा लागलं. समृद्धीचा क्रमांक कायमचा बंद. शेतकऱ्यांना कंपनी स्वतः फोन करून कळवणार. आणि पुढे : ‘सणाच्या निमित्तानं स्वतःहून चूक उघड करणारा ठेकेदार आम्हाला पहिल्यांदा भेटला. गुजरातच्या, महाराष्ट्राला लागून असलेल्या जिल्ह्यांचे फोनही तुमच्याकडे द्यावेत असं ठरलं आहे. आणखी दहा घरं जोडा. अटी त्याच.’

पारसनं पेढे आणले. चेतनानं एक तोंडात टाकला. तो गोड होता, एवढंच कळलं.

‘‘दहा घरं!’’ पारस म्हणाला. ‘‘म्हणजे दहा कागद.’’

‘‘दहा चौकोन,’’ चेतना म्हणाली. तो पेढ्यांचा पुडा आईला द्यायला आत गेला होता, त्याला ऐकू आलं नाही.

लॅपटॉप परत आणायला दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. ती स्वतः गेली. समृद्धीनं सगळं तयार ठेवलं होतं. लॅपटॉप पुसलेला, वायर गुंडाळून रबर लावलेलं, माइकच्या स्पंजला साबणाचा वास.

‘‘मोजून घ्या ताई.’’

‘‘मोजायचं काय त्यात.’’

‘‘मोजून घ्या. आता आमचं नाव तसलं झालंय.’’

अंगणातल्या शेडमध्ये आदेश हातोडीनं काहीतरी ठोकत होता, गरजेपेक्षा जोरात. साळुबाई जागेवरच होत्या.

‘‘ताई, खोलीचं लिवलंत का?’’ समृद्धीनं अचानक विचारलं.

चेतनानं खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ‘‘नाही.’’

‘‘मला वाटलंच.’’ समृद्धी खाली बसली, बराच वेळ माइकच्या वायरवरचं रबर ताणत राहिली. ‘‘बरं केलं. श्रेयाचा फोन आला व्हता मला. रडत व्हती, आपलंबी जातं का काय म्हनून. तिला म्हनलं, न्हाई जात. माझ्यावर भागलंय.’’

‘‘समृद्धी...’’

‘‘नगा ताई. आता काय बोलू नगा. तुमाला लई चांगलं बोलता येतं, मंग मला राग धरता येत न्हाई. मला एक कागद द्या. मंचरला एका दवाखान्यात फोनवर बसायला बाई पायजे. दोन वरीस मी काम केलं, असं लिवून द्या.’’

कंपनीनं कळवलं होतं की या क्रमांकाला कोणताही दाखला देऊ नये. चेतनानं पिशवीतून ‘हॅलो ताई’चा छापील कागद काढला, लॅपटॉपचाच आधार घेतला आणि मांडीवर लिहू लागली. दोन वर्षं काम, इतके कॉल, बोलणं स्वच्छ, संयम उत्तम. मग ती थांबली.

‘‘काय झालं?’’

‘‘काम सोडण्याचं कारण. दवाखान्यात विचारतील.’’

‘‘आन् खरं लिवलं तर ठेवतील व्हय मला?’’

शेडमधली हातोडी थांबली. चेतनानं पेन टेकवलं आणि न खोडता लिहिलं : ‘या कामाला स्वतंत्र खोली लागते. ती यांच्या घरी नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही खोली आहे असं मी लिहून घेतलं. चूक माझी आहे.’ खाली सही केली, शिक्का मारला, तारीख घातली.

समृद्धीनं कागद हातात घेऊन मनातल्या मनात वाचला. ओठ हलत होते. शेवटच्या ओळीपाशी थांबले.

‘‘ताई, ह्यो कागद कंपनीच्या हातात पडला म्हंजे?’’

‘‘कळतंय मला.’’

‘‘बाकीची घरंबी जातील.’’

‘‘हो.’’

‘‘मंग मला कशाला दिलात? इतकी घरं माझ्या हातात कशाला देता?’’ तिच्या आवाजात पहिल्यांदा राग आला, खरा, पोटातला. ‘‘तुमाला झोप लागावी म्हनून व्हय?’’

चेतनानं हात पुढे केला. ‘‘दे. दुसरा लिहून देते.’’

समृद्धीनं कागद दिला नाही. बाहेर पावलं वाजली. आदेश दारात येऊन उभा राहिला, वार्निशचा वास त्याच्या आधी आत आला. त्याची नजर बायकोच्या हाताकडे गेली.

‘‘काय लिवलंय मॅडमनी?’’

समृद्धीनं कागदाची घडी घातली. तिची आणखी एक घडी. मग ती ब्लाउजमध्ये खोचून पदर सारखा केला.

‘‘काम चांगलं केलं, असं लिवलंय,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी मॅडमची पिशवी गाडीपर्यंत न्या. जड हाय ती.’’